अजाणता घेतलेले चोरीचे वाहन : हक्क कोणाचा, दाद कोणाकडे?



या महिन्याच्या पाठाचा प्रारंभ एका प्रश्नाने करतो. गेल्या वर्षी एका शुक्रवारी जुमाची नमाज आटोपल्यावर आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण मशिदीत थांबून राहिला. तो वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो. रात्रपाळीहून परतताना वाहन मिळत नाही, म्हणून भिशीचे पैसे आणि आईची शिल्लक एकत्र करून त्याने ४६ हजार रुपयांना एक जुनी मोटारसायकल घेतली होती. तीन महिने चालवल्यानंतर ती सर्व्हिसिंगला दिली, तेव्हा मिस्त्रीने चेसिस नंबरावर बोट ठेवले आणि हा नंबर घासून पुन्हा ठोकलेला आहे असे सांगितले. तेथेच बसलेल्या एका गृहस्थाने लगेच तोडगाही सुचवला, "कागद नकोत, काही नको. तीस हजार घे आणि मोकळा हो. सुटे भाग करून विकून टाकतो."

तरुणाने मला विचारले, "मौलाना, मी पैसे मोजून घेतली. चोरी मी केली नाही. मग गाडी माझीच ना? आणि माझी असेल, तर विकायला हरकत काय?"

हा प्रश्न मला अधिक बोचला, कारण सौदा करण्यापूर्वी त्याने विक्रेत्याविषयी मलाच विचारले होते. विक्रेता आमच्याच सफमध्ये उभा राहणारा. मी म्हणालो होतो, "नमाजी माणूस आहे, बेलाशक घे." या वाक्याचा हिशेब मी लेखाच्या शेवटी देणार आहे. त्याआधी शरीअत आणि आपल्या देशाचा कायदा या प्रश्नाचे काय उत्तर देतात ते क्रमाने पाहू.

मालकी कोणाची?

कुरआनच्या सूरह अन-निसाच्या २९व्या आयतीत ईमानधारकांना ताकीद आहे की त्यांनी एकमेकांची संपत्ती अनुचित मार्गाने खाऊ नये. परस्परांच्या संमतीने झालेला व्यापार मात्र वैध आहे. येथे 'संमती' हा शब्द कळीचा आहे. चोरीच्या वाहनाच्या सौद्यात विकणाऱ्याची संमती असते, घेणाऱ्याचीही असते. परंतु ज्याची वस्तू आहे, त्याला कोणी विचारलेलेच नसते. म्हणून तो सौदा मूळ मालकाची मालकी संपवू शकत नाही.

हजरत समुरा बिन जुंदुब (रजि.) यांच्याकडून आलेली आणि अबू दाऊद व नसाई यांनी नोंदवलेली हदीस या प्रकरणाचा पाया मानली जाते. तिचा आशय असा की ज्याला आपली वस्तू जशीच्या तशी दुसऱ्याजवळ सापडेल, त्याचाच तिच्यावर अधिक हक्क आहे. आणि ज्याने ती विकत घेतली असेल, त्याने आपल्या विक्रेत्याला गाठावे.

याच विषयावर नसाईंच्या संग्रहात एक वेगळी रिवायतही आहे, ती विद्यार्थ्याने लपवू नये. यमामाचे कारभारी असलेले एक अन्सारी सहाबी सांगतात की चोराकडून घेणारा निष्कपट असेल, त्याच्यावर संशय नसेल, तर मालकाला दोन पर्याय राहतील असा निवाडा प्रेषितांनी (स.) दिला होता. एकतर त्याने खरेदीदाराला किंमत देऊन वस्तू सोडवावी, नाहीतर चोराच्या मागे जावे. हजरत मुआविया (रजि.) यांनी मालकाचा हक्क निरपवाद ठरवणारा हुकूम पाठवला, तेव्हा या कारभाऱ्याने तो आपल्या अधिकारक्षेत्रात लागू करण्यास नकार दिला, असेही तेथे नमूद आहे. पुढे बहुसंख्य फिक्हकारांनी समुरा (रजि.) यांच्या हदीसवर अंमल केला. तथापि या मतभेदातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. निष्कपट खरेदीदाराचे दुःख आपल्या पूर्वसूरींनी कधी क्षुल्लक मानले नाही. त्याचे नुकसान कोणी भरून द्यायचे, एवढाच वादाचा मुद्दा होता.

आपल्या देशाचा कायदाही याच वाटेने जातो. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ प्रमाणे, जो स्वतः मालक नाही आणि ज्याला मालकाचा अधिकारही मिळालेला नाही, त्याच्याकडून घेणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा अधिक हक्क मिळत नाही. चोराजवळ मालकी नसते, म्हणून ती त्याच्या गिऱ्हाइकाकडे जात नाही आणि त्या गिऱ्हाइकाच्या गिऱ्हाइकाकडेही जात नाही. मधे पाच हात बदलले तरी उत्तर तेच.

येथे एक भेद लक्षात ठेवावा. गाडी चोरीला गेली नसून, समजा, न वटणारा धनादेश देऊन मालकाकडूनच फसवून घेतलेली असेल, तर कलम २९ लागू होऊ शकते. मालकाने तो करार रद्द करण्यापूर्वी कोणी प्रामाणिकपणे व दोषाची माहिती नसताना ती विकत घेतली, तर त्याला चांगली मालकी मिळू शकते. म्हणून 'चोरी' आणि 'फसवणूक' यांतला फरक फिर्यादीच्या कागदावर नीट पाहावा लागतो.

खरेदीदाराचा हक्क कोणावर?

गाडी गेली म्हणजे सर्व काही गेले असे नाही. खरेदीदाराचा हक्क गाडीवर नसतो, तो विक्रेत्यावर असतो. हनफी फिक्हच्या 'हिदाया' या ग्रंथात, जो आमच्या मदरशांत आजही शिकवला जातो, 'इस्तिहकाक' नावाचे प्रकरण याच प्रसंगासाठी आहे. विकलेल्या वस्तूवर तिसऱ्याने आपला हक्क सिद्ध केला तर काय, हा त्याचा विषय. त्याचे सार असे की वस्तू हक्कदाराकडे जाते आणि खरेदीदार आपल्या विक्रेत्याकडून मोजलेली किंमत परत घेतो. मूळ मालकाने स्वखुशीने त्या विक्रीला मान्यता दिली, तरच ती गाडी खरेदीदाराकडे राहते आणि किमतीवर मालकाचा हक्क येतो.

आता नाजूक मुद्दा. विक्रेता म्हणाला, "मलाही ठाऊक नव्हते," तर? पुष्कळांना वाटते की मग तो सुटला. तसे नाही. किंमत परत करणे ही शिक्षा नसते. ज्या वस्तूच्या मोबदल्यात पैसे घेतले ती वस्तू त्याची नव्हतीच, म्हणून ते पैसे त्याच्याजवळ राहू शकत नाहीत. अजाणतेपणामुळे त्याच्यावर गुन्हा राहत नाही, देणे मात्र राहते. त्याने पुढे आपल्या विक्रेत्याला गाठावे आणि अशा रीतीने ही साखळी चोरापर्यंत मागे जावी.

माल विक्री अधिनियमाचे कलम १४ हेच सांगते. करारात वेगळे काही ठरले नसेल, तर विकणाऱ्याला विकण्याचा अधिकार आहे ही अट आणि घेणाऱ्याला वस्तूचा निर्वेध उपभोग मिळेल ही हमी प्रत्येक विक्रीत गृहीत असते, मग ती लिहिलेली असो वा नसो. इंग्लंडमधील रोलंड विरुद्ध डिव्हॉल हा १९२३ चा निवाडा या बाबतीत कायद्याच्या विद्यार्थ्यांना आवर्जून शिकवतात. एका व्यापाऱ्याने ३३४ पौंडांना मोटारगाडी घेऊन ती पुढे ४०० पौंडांना विकली. काही महिन्यांनी ती चोरीची निघाली आणि पोलिसांनी ताब्यात घेतली. त्या व्यापाऱ्याने आपल्या गिऱ्हाइकाचे पैसे परत केले आणि स्वतःच्या विक्रेत्यावर दावा लावला. "इतके महिने गाडी वापरलीत, त्याचे काय?" हा युक्तिवाद न्यायालयाने मानला नाही. ज्या मालकीसाठी पैसे दिले ती मिळालीच नाही, म्हणून पूर्ण ३३४ पौंड परत करावे लागले.

दाद मागण्याचे मार्ग पुढीलप्रमाणे आहेत. विक्रेता साधा खासगी माणूस असेल, तर दिवाणी न्यायालयात रक्कम वसुलीचा दावा करता येतो. त्यासाठी मुदत साधारणतः तीन वर्षांची आहे. विक्रेता जुन्या वाहनांचा व्यापारी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. तेथे मुदत दोन वर्षांची. विक्रेत्याने जाणूनबुजून फसवले असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्याद देता येते.

आणखी दोन तरतुदी आहेत, ज्या थोड्यांनाच माहीत असतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४९९ खास निष्कपट खरेदीदारासाठी आहे. चोर किंवा चोरीचा माल घेणारा दोषी ठरला, त्याने तो माल अजाण माणसाला विकला हे सिद्ध झाले आणि अटकेच्या वेळी त्याच्याजवळ पैसे सापडले असतील, तर वस्तू हक्कदाराकडे परत गेल्यावर खरेदीदाराच्या अर्जावरून न्यायालय त्या पैशांतून त्याला, त्याने मोजलेल्या किमतीपर्यंत, रक्कम देववू शकते. कलम ३९५ प्रमाणे दोषीला झालेल्या दंडातूनही अशा खरेदीदाराला भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. मात्र त्यासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून खटल्याच्या तारखांकडे पाठ फिरवू नये.

कळल्यानंतरचा माणूस

येथवर आपण ज्या खरेदीदाराची बाजू मांडली तो 'अजाण' आहे. त्याचे सर्व संरक्षण या एका शब्दावर उभे आहे. गाडी चोरीची आहे हे कळले, किंवा तसे मानण्यास पुरेसे कारण मिळाले, की त्या क्षणापासून तो पूर्वीचा माणूस राहत नाही. मिस्त्रीने बोट ठेवले त्या वेळेपर्यंत आमचा तरुण निर्दोष होता. तीस हजार घेऊन त्याने ती पुढे विकली असती, तर मूळ चोरानंतरच्या साखळीत तो जाणतेपणी सामील झाला असता.

भारतीय न्याय संहितेचे कलम ३१७ हेच सांगते. चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, जो अप्रामाणिकपणे अशी वस्तू घेतो वा जवळ ठेवतो, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'जवळ ठेवतो' हे शब्द ध्यानात घ्यावेत. असा माल लपवण्यास वा विल्हेवाट लावण्यास जाणूनबुजून मदत करणाऱ्यालाही याच कलमात शिक्षा आहे. म्हणजे सुटे भाग करून देणारा आणि ते करवून घेणारा, दोघेही.

शरीअतचा दृष्टिकोन याहून खोल जातो. "माझे नुकसान झाले, मी ते दुसऱ्याच्या गळ्यात घातले" हा न्याय होत नाही. आपल्यावर झालेला जुलूम आपल्याला दुसऱ्यावर जुलूम करण्याचा परवाना देत नाही. प्रेषितांच्या (स.) शिकवणीचा आशय असा की हलाल स्पष्ट आहे, हरामही स्पष्ट आहे आणि या दोहोंमधील संशयास्पद गोष्टींपासून जो दूर राहिला, त्याने आपला दीन व आपली अब्रू वाचवली. आमच्या तरुणासमोर तर संशयास्पद असे काही उरलेच नव्हते.

मग करावे काय?

पहिली गोष्ट, वाहन वापरणे थांबवावे. ते विकू नये, सुटे करू नये, नंबरप्लेट बदलू नये, कोठे लपवू नये.

दुसरी, सौद्याचा प्रत्येक पुरावा एकत्र करावा. विक्रीचा करारनामा, आरसी बुक, सही केलेले टीटी फॉर्म, पैसे दिल्याची नोंद, मोबाइलवरील संदेश, साक्षीदार, मिस्त्रीचे म्हणणे. यांच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. आपले निष्कपटपण सांगण्यापेक्षा दाखवता आले पाहिजे.

तिसरी, स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन लेखी माहिती द्यावी. शक्य असल्यास वकिलाला सोबत न्यावे. विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यात राहत असला तरी कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. वाहन जप्त होईल, तेव्हा पंचनाम्यात ते आपण होऊन हजर केल्याची नोंद करून घ्यावी.

चौथी, कोणी "गाडी माझी आहे" म्हणत दारात आला म्हणून परस्पर त्याच्या हाती चावी देऊ नये. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, हे शरीअतचेही मूलतत्त्व आहे. मालकाला विम्याची रक्कम मिळून गेली असेल, तर खरा दावेदार विमा कंपनीही असू शकते. वाहन कोणाच्या ताब्यात द्यायचे हे न्यायालय कलम ४९७ किंवा ५०३ खाली ठरवते. लोक त्याला 'सुपूर्दनाम्यावर सोडवणे' म्हणतात. जप्त वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे सडत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच बजावले आहे.

पाचवी, विक्रेत्याला रकमेच्या मागणीची लेखी नोटीस द्यावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना, तसेच ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना तेथे मोफत वकील मिळतो. त्यांचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

घेण्यापूर्वीची दक्षता

सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि खरेदी-विक्रीच्या वेळी साक्षीदार करण्याची शिकवण आहे. अद्दा बिन खालिद (रजि.) यांच्याशी झालेल्या एका व्यवहाराचा लेख प्रेषितांनी (स.) लिहवून दिला होता, असे हदीसग्रंथांत आले आहे. तो त्या काळच्या रीतीप्रमाणे गुलामाच्या विक्रीचा होता आणि त्यात दोष नाही, फसवणूक नाही, अशी लेखी ग्वाही होती. त्यातील एका शब्दाचा अर्थ भाष्यकारांनी 'अवैध मार्गाने हाती आलेले नाही' असा केला आहे. मालकीची लेखी हमी घेणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे नव्हे. ती सुन्नत आहे.

म्हणून वाहन पाहताना चेसिस आणि इंजिनावरील नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावेत; घासल्याच्या खुणा असतील तर सौदा तेथेच सोडावा. 'वाहन' संकेतस्थळावर वा 'एम-परिवहन' अॅपवर मालकाचे तपशील, विमा आणि कर्जाचा बोजा पाहावा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेतून ते वाहन चोरीच्या नोंदीत आहे का, हेही कोणालाही पाहता येते. आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याशीच सौदा करावा, निदान त्याच्याशी बोलल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पैसे बँकेमार्फत द्यावेत. फॉर्म २९ व ३० भरून ३० दिवसांत वाहन आपल्या नावावर करून घ्यावे. कोऱ्या टीटी फॉर्मवर सही घेऊन वर्षानुवर्षे गाडी चालवण्याची आपल्याकडील सवय चोरांच्या पथ्यावर पडते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते दाखवा म्हणण्यात संकोच नसावा.

आरसीवर नाव आले म्हणजे मालकीचा दोष धुऊन निघतो, असेही समजू नये. २०२४ मध्ये नवी मुंबई गुन्हे शाखेने चोरीची अवजड वाहने ईशान्येकडील राज्यांच्या बनावट कागदपत्रांवर महाराष्ट्रात पुन्हा नोंदवून विकल्याचे प्रकरण उघड केले. त्यात अमरावती व नागपूर येथील परिवहन अधिकाऱ्यांनाही अटक झाली. आरोपांचा निकाल न्यायालय देईल. परंतु सरकारी शिक्क्याचा कागद हातात असूनही वाहन चोरीचे असू शकते, हा धडा घेण्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही.

'नमाजी माणूस आहे'

आता माझा हिशेब. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग सांगितला जातो. एका माणसाने दुसऱ्याची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले, तू त्याचा शेजारी आहेस काय, त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय, पैशाचा व्यवहार केला आहेस काय? तिन्ही उत्तरे 'नाही' आली, तेव्हा ते म्हणाले की तू त्याला केवळ मशिदीत डोके खाली-वर करताना पाहिले असशील. तू त्याला ओळखत नाहीस. हा प्रसंग मी विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवला आहे. आणि त्या तरुणाला मी केवळ सफमध्ये पाहिलेल्या माणसाची ग्वाही दिली होती.

म्हणून त्या शुक्रवारी मी त्याला प्रथम माझी चूक सांगितली, मग मसला सांगितला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. मूळ मालक जालना जिल्ह्यातील एक शेतमजूर निघाला. मोटारसायकल चोरीला गेल्यावरही तो तिचे हप्ते भरत होता. हे ऐकल्यावर तीस हजारांचा विषय त्या तरुणाने पुन्हा काढला नाही.

विक्रेत्याने सांगितले की त्यालाही कोणीतरी फसवले. मी त्याची शपथ तपासू शकत नाही. ते पोलिसांचे काम आहे. परंतु किंमत परत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे, हे त्याला ग्रंथ उघडून दाखवले. त्याने साक्षीदारांसमोर लिहून दिले. हे लिहीत असताना ४६ पैकी १८ हजार परत आले आहेत, खटला चालू आहे आणि तरुण शेअर रिक्षाने कामावर जातो. त्याच्या आईची रक्कम पूर्ण फिटेपर्यंत माझ्या वाक्याचे ओझे माझ्यावर आहे.

वाचकहो, उद्या कोणी आपल्याला एखाद्याविषयी विचारील, तेव्हा जेवढे माहीत आहे तेवढेच सांगावे आणि "कागद तपासून घे" हे शब्द जरूर जोडावेत. अल्लाह आपल्याला हलाल कमाई, व्यवहारात सचोटी आणि दुसऱ्याचा हक्क परत करण्याचे धैर्य प्रदान करो. आमीन.